वरच्याचा भरवसा

"साहेब, कमरेची गाठ नीट बांधा," वरचा म्हणाला आणि खेकड्याच्या काळजात चर्र झालं. उभ्या जन्मात या माणसाने त्याला शिवी दिल्याशिवाय हाक मारली नव्हती. आणि आता साहेब!

ही गिरणी चालू होती तेव्हा तिच्याखालचे पाण्याचे बोगदे हे दोघे मिळून साफ करत. एकाने उतरून गाळ काढायचा, दुसऱ्याने तोंडाशी दोर धरून बसायचं. खालचा आणि वरचा, एवढाच काय तो हुद्दा. आडवं सरपटण्यामुळे खालच्याला खेकडा हे नाव चिकटलं ते चिकटलंच. गिरणीत कुणी 'वरच्यावर भरवसा ठेव' म्हटलं, तर त्यात देवाचा काही संबंध नसे. खाली पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून दोराला एक हिसका म्हणजे 'आहेस ना?' आणि तीन म्हणजे 'ओढ'. नियम एकच, ज्या तोंडातून उतरलास त्याच तोंडातून वर ये.

आता तिथे इमारती उठणार होत्या. त्याआधी बोगद्यांचा नकाशा करायला एक इंजिनिअर मुलगी आली होती आणि तिला सोबतीला माहीतगार माणूस हवा होता. खेकड्याने अट घातली, वरचा येणार असेल तरच उतरेन. गेलं वर्षभर वरच्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सुनेला तो आई म्हणे, आणि खेकडा भेटायला गेला की पाहुणा समजून अदबीने खुर्ची पुढे करी. बोगद्याचं तोंड पाहून त्याला ओळख पटेल, एकदा तरी तो आपल्याला खेकड्या म्हणेल, एवढ्या एका आशेवर हा म्हातारा कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी शिडी उतरत होता.

"काका, जमेल ना?" मुलीने विचारलं.

"उतरायला जमतं गं. चढायचं तेव्हा बघू."

खाली विटांची कमान, भिंतींना हिरवट ओल, घोट्यापर्यंत पाणी. मुलगी आपलं यंत्र भिंतींवर रोखत पुढे गेली. खेकडा दमून भिंतीला टेकला. बोगदा होता तसाच होता, फक्त त्याला स्वतःचा श्वास पुरत नव्हता. धीर करून त्याने दोराला एक हिसका दिला.

काहीच नाही. दोर पाण्यात लोळत पडला. 'संपलं म्हणायचं,' तो पुटपुटला. तेवढ्यात कमरेला हिसका बसला. एकच.

खेकड्याला भरून आलं. अंधारात तो एकटाच हसला, आणि त्या आनंदातच त्याची चूक झाली.

"काका, इकडे पायऱ्या आहेत!" मुलगी पुढून ओरडली. "शिडीपेक्षा बऱ्या!"

दोर तिथवर पुरेना. कधी एकदा वरच्यासमोर उभा राहतो असं त्याला झालेलं. त्याने गाठ सोडली, दोर भिंतीतल्या कडीला अडकवला आणि पायऱ्यांनी वर आला. गिरणीला वळसा घालून तो पहिल्या तोंडाशी पोचला, तर वरचा दोर पोटाशी धरून वाकून बसलेला. त्याला घेऊन आलेली सून रडकुंडीला आली होती.

"बघा ना काका, पाणीसुद्धा घेत नाहीत. बाबा, सोडा आता. हे बघा, काका आले वर."

वरच्याने खेकड्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बाजूला व्हा साहेब, उजेड अडतोय. माझा खेकडा खाली आहे."

"अरे, मीच तो."

"मघाशी हिसका दिला मेल्याने. मग गप्पच झालाय." वरच्याने खाली डोकावून पाहिलं. "असं कधी करत नाही हो तो."

हवं होतं ते नाव कानी पडलं होतं, पण ते खालच्या माणसासाठी होतं. खेकड्याने शिडीला हात घातला.

"परत कुठे?" मागून आलेली मुलगी म्हणाली. "काका, गुडघे बघा तुमचे!"

"गुडघे गेले खड्ड्यात. मी खालून आल्याशिवाय तो उठायचा नाही गं."

भिंत धरत धरत तो कडीपर्यंत गेला. दोर कमरेला बांधला आणि तीन हिसके दिले. दोर ताठ झाला. पूर्वीचा जोर त्यात नव्हता, ओढ थांबत थांबत येत होती, पण सुटत नव्हती. त्या ओढीमागून तो शिडीपाशी आला. वरच्या उजेडातून आवाज आला, "ये रे खेकड्या, ये. सावकाश."

वर डोकं काढलं की आपण पुन्हा साहेब, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आलो रे," तो म्हणाला, आणि शिडीच्या खालच्या पायरीवर जरा टेकला.