खोडापलीकडची खार

मित्रांनो, माझ्या उजव्या डोळ्यात बुरशी आहे, हे आधीच सांगून टाकते. मी एक म्हातारी दुर्बीण. पितळेचं अंग, त्यावर काळं कातडं, आणि गळ्यात अडकवायचा पट्टा तर कितीदा बदललेला. कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला ठाऊक नाही, अंगावरचा शिक्का कधीच झिजून गेला. पुण्याच्या जुन्या बाजारात एका फाटक्या घोंगडीवर मी पडले होते. तिथून पद्माकर नावाच्या गृहस्थांनी मला उचललं आणि थेट भीमाशंकरच्या रानात नेलं. माझं आयुष्य तिथून सुरू झालं, असंच मी धरते.

पद्माकर शिकारी होते. शेकरू म्हणजे रानातली मोठी खार. मांजराएवढं तांबूस अंग आणि अंगाहून लांब शेपूट. त्या काळी ते मारायला कुणी फारसं अडवत नसे. शिकार हिवाळ्यात व्हायची. रात्रभर गारठलेली शेकरं सकाळी ऊन खायला उंच फांदीवर येऊन बसत, आणि तिथे त्यांना शोधायचं काम माझं. पहिलं शेकरू माझ्या काचेत आलं तेव्हा मी थक्कच झाले. दोन्ही हातांत फळ धरून ते खात होतं. मिशांवर दव होतं, आणि त्या एवढ्याशा काळ्याभोर डोळ्यात आख्खं आभाळ मावलं होतं. असा जीव जगात असतो, आणि तो मला इतक्या जवळून दिसतो! माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

पद्माकरांबरोबर त्यांचा पुतण्या मनोहर असे, कॉलेजातून सुट्टीला आलेला. शेकरू मोठं बिलंदर. माणूस दिसला की खोडाच्या पलीकडे सरकतं आणि चिकटून बसतं. तुम्ही फिरून तिकडे गेलात की ते इकडे. म्हणून शिकारीला दोघांनी जायचं. पद्माकर मुद्दाम खोकत, पाचोळा वाजवत झाडाला फेरी घालायचे आणि मनोहर अलीकडे अगदी निश्चल बसायचा. चालणाऱ्याला चुकवत चुकवत शेकरू बसलेल्याच्या समोर यायचं. ते आलं की मनोहर मला पाचोळ्यात पालथी घालायचा आणि बंदूक उचलायचा. पुढचं मी कधी पाहिलं नाही. फक्त ऐकलं.

पुढे कायदा आला, बंदूक गेली, पद्माकरही गेले. मनोहरने बँकेत नोकरी धरली आणि माझी रवानगी कपाटात झाली, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी. वर्षानुवर्षं माझी कुणाला आठवण आली नाही. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

२०१४च्या डिसेंबरात मनोहर लेकीकडे सिंगापूरला निघाले. आता ते आजोबा झाले होते. का कोण जाणे, स्वेटरच्या घडीत त्यांनी मलाही घेतलं. लेक उल्का बुओना व्हिस्टाला एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, आणि घर बुकित पंजांगला, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. स्वेटर बघून ती हसतच सुटली.

"बाबा, इथे डिसेंबर म्हणजे नुसता पाऊस. थंडी फक्त मॉलमध्ये!"

त्या दमट हवेनेच माझ्या डोळ्यात बुरशी धरली. पण तक्रार नाही, कारण तिथे मला इरा भेटली. उल्काची ही नऊ वर्षांची मुलगी म्हणजे नुसतं वारं. बसली तरी पाय हलणार, उभी राहिली तरी उडी मारणार. आजोबांनी तिला माझ्यातून बघायला शिकवलं. कोपरं गुडघ्यांवर टेक, श्वास सोड, मग बघ. आणि काय सांगू, माझ्या काचेला डोळे लावले की ते वारं पडायचं.

इमारतीखाली एक भला मोठा रेन ट्री होता आणि त्यावर नारिंगी पोटाची एक खार. शेकराची धाकटी बहीणच म्हणा. एके सकाळी तिला बघता बघता इरा ओरडली, "आजोबा, समथिंग ऑन हर नेक!"

बाटलीच्या झाकणाखाली असते ना, ती प्लॅस्टिकची कडी. पिल्लू असताना कधीतरी खारीचं डोकं तिच्यात अडकलं असणार. खार वाढली, कडी वाढली नाही. मानेवरचे केस झडून कातडी लाल झाली होती. घास गिळताना खार मध्येच थांबायची. आणखी थोडी वाढली असती, तर तिचा श्वासच बंद झाला असता.

उल्काने प्राणी वाचवणाऱ्या एका संस्थेला फोन केला. टॅन नावाची तरुणी लांब दांड्याची जाळी घेऊन आली. तिने खोडाला केळं बांधलं. खार उतरायची, पण टॅन पुढे झाली की खोडापलीकडे. टॅन तिकडे, तर खार इकडे. असं पुन्हा पुन्हा झालं.

"कॅनॉट लाह, टू फास्ट," टॅन घाम पुसत तिथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली.

"ममा, शी विल डाय?" इराने विचारलं.

तेव्हा मनोहर बाकावरून उठले. "उल्का, तिला सांग, एकटीने नाही जमायचं. एकाने चालायचं, एकाने उभं राहायचं. मी चालतो. तिने जाळी धरून खोडाजवळ उभं राहायचं, पापणीसुद्धा हलवायची नाही. खार तिच्या बाजूला आली की इरा हात वर करेल."

"हाऊ यू नो, आजोबा?"

"तरुणपणी आम्ही अशीच शिकार करायचो."

"यू किल्ड देम?"

"हो."

उल्का चमकून वडिलांकडे बघत राहिली. हे तिलाही ठाऊक नव्हतं. इराने मला छातीशी घट्ट आवळलं.

"धिस वन कॅनॉट, ओके?"

"नाही गं बाळा," मनोहर म्हणाले.

मग ते झाडाकडे गेले आणि खोकत, ओला पाला तुडवत फेरी घालू लागले. थेट पद्माकरांसारखे! इराने कोपरं गुडघ्यांवर टेकली, श्वास सोडला. माझ्या काचेत आधी नुसतं खोड होतं. मग एक कान आला. मग डोळा. तोच काळाभोर डोळा, मित्रांनो, आणि त्यात तेच आभाळ. मी भीतीने गार झाले. आता मला पालथी घालणार, हे मला पाठ होतं.

पण इराने मला खाली ठेवलं नाही. एका हाताने मला तशीच धरून तिने दुसरा हात वर केला. जाळी पडली. टॅनने खारीला टॉवेलात धरलं आणि उल्काने बारीक कात्रीने कडी कापली. त्या एवढ्याशा छातीतली धडधड मला इतक्या लांबून दिसत होती. टॅनने टॉवेल खोडाशी उघडला. खार वर धावली, फांदीवर बसली, दोन्ही हातांनी मान चोळली, आणि खाऊ लागली. न थांबता.

मनोहर धापा टाकत बाकावर येऊन बसले. "यू सी, आजोबा. बघा ना," म्हणत इराने मला त्यांच्या डोळ्यांना लावलं. ते कितीतरी वेळ बघत राहिले. माझ्या काचेला आतून बुरशी होती, आता बाहेरूनही पाणी आलं. इराने आपल्या फ्रॉकने ते पुसलं.

मित्रांनो, बाटलीची कडी टाकण्याआधी कापून टाका. जमलं तर माझ्यासारखीला दमट हवेत ठेवू नका. आणि एवढं एक ऐका. एखादा जीव काचेत सापडला, तर मला मध्येच पालथी घालू नका. मला शेवटपर्यंत बघू द्या.