गुरुवारचं पित्ताशय

हेमलताच्या घरात पिढ्यान्पिढ्या कुणी मटणाला हात लावलेला नव्हता, आणि ही बया लातूरहून एम.फार्म.ला आली ती नेमकी बोकडाच्या पित्ताशयावर काम करायला. दैव म्हणायचं, दुसरं काय!

माण गावात जयाकाकूंकडं तिची भाड्याची खोली. सकाळी उठून ती दादासाहेबांच्या मटणाच्या दुकानाशी जाई आणि रस्त्याकडं तोंड फिरवून उभी राही. दादासाहेब तिच्या थर्मासातल्या गार क्षारपाण्यात पित्ताशय टाकून देत. कॉलेजात ती त्याची बारीक पट्टी कापून कोमट पाण्याच्या भांड्यात टांगे. औषधाचा थेंब पडला की पट्टी आकसे, आणि तिला जोडलेली तरफ फिरत्या कागदावर रेघ वर चढवी.

पित्ताशय आकसतं ते मज्जातंतूंनी सोडलेल्या रसायनामुळं. ते झेलणारे मस्करिनिक रिसेप्टर पाच तऱ्हेचे, एम-वन ते एम-फाइव्ह. त्यातला आकसवण्याचं काम करतो कोण, एवढाच तिचा प्रश्न. एम-थ्री, असं पुस्तकं सांगत. पहिल्या खेपेला नुसता थेंब, दुसऱ्या खेपेला आधी रिसेप्टर अडवून तोच थेंब; असं हेमलता बुधवारी एम-थ्री अडवून बघे आणि गुरुवारी एम-टू. एम-थ्री अडवला की पट्टी गप्प पडायची, ते अपेक्षितच होतं. पण एम-टू अडवल्यावरही दुसऱ्या खेपेला रेघ निम्म्यावरच थांबायची! म्हणजे एम-टूचाही त्यात हात होता. तिच्या मार्गदर्शक रजनी मॅडम हरखून गेल्या. दिल्लीच्या परिषदेत हे काम मांडायचं ठरलं, पोस्टरवर हेमलताचं नाव पहिलं. तिनं घरी फोन करून आईला सांगितलंसुद्धा.

पुढच्या गुरुवारी ती थर्मास घेऊन निघाली, तर जयाकाकू अंगणात भांडी घासत होत्या. कुठं चाललीस म्हणून त्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकून हातच थांबवला.

"अगं, आज गुरुवार हाय. आज हितं बोकड कापतंय कोण?"

हेमलता जागच्या जागी थिजली. ज्या घरात मटण कधीच शिजत नाही, त्या घरात मटणाचा वार कसा माहीत असणार? तिला सगळे वार सारखेच. गुरुवारी दादासाहेबांचं शटर अर्धं खाली असायचं, ते आपण लवकर येतो म्हणून, असं ती समजून चालली होती.

ती तडक दुकानी गेली. दादासाहेबांनी काही लपवलं नाही.

"तुमी एवढ्या आशेनं येता ताई. रिकाम्या हातानं कसं धाडू? बुधवारचंच बर्फात जपून ठेवतुया."

भल्या माणसावर रागवावं तरी कसं? पण निम्म्यावर थांबणाऱ्या रेघेचा अर्थ आता तिला लागला. शिळी पट्टी पहिल्या खेपेला आकसते आणि दुसऱ्या खेपेला दमते. अडवणारं औषध घाला नाहीतर नुसतं पाणी घाला, रेघ खालीच राहणार. मग एम-टूचं काय उरलं?

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी रेघांचे कागद पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, पोस्टर छापायला गेलंय, थोडाफार परिणाम खरा असेलच, परिषद होऊन जाऊ दे, मग बघू. हेमलतालाही तेच हवं होतं, अगदी मनापासून. तिचं पहिलं नाव होतं त्यावर. तरी ती म्हणाली, "नाही मॅडम. आधी ताज्यावर बघते."

बुधवारी ती दुकानाशी गेली आणि या खेपेला तिनं तोंड फिरवलं नाही. दादासाहेब म्हणाले, ताई, तुमी बाजूला व्हा, तुमच्यानं बघवायचं न्हाई. ती हलली नाही. बोकड कापताना तिनं डोळे उघडे ठेवले, पित्ताशय निघालं तसं स्वतः थर्मासात घेतलं, आणि मग कोपऱ्यात जाऊन ओकली. चूळ भरून कॉलेजची गाडी पकडली.

पट्टी टांगली. पहिल्या खेपेला रेघ झकास चढली. मग एम-टू अडवणारं औषध घालून ती थांबली. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हेमलता मनातल्या मनात विनवत होती, आकसू नकोस गं, निम्म्यावर थांब. तिनं थेंब सोडला.

रेघ चढली. निम्म्यावर आली, तिथून पुढं गेली आणि पहिल्या रेघेच्या उंचीला जाऊन टेकली.

हेमलताला रडू आलं, तिनं ते आवरलंही नाही. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पोस्टर थांबवायला छापखान्याला फोन करायला त्या वळल्या.

"एका पट्टीवर भागायचं नाही, मॅडम," हेमलतानं डोळे पुसले. "एम-टूचं सगळं काम नव्यानं करते. उद्या गुरुवार, उद्या सुट्टी. परवा मी दुकानात उभी असेन."