चावी: रोम ते तळवडे

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही, फक्त उच्चारता येतं. मी एक जुना शब्द आहे: चावी.

लॅटिन भाषेत मी 'क्लाविस' होतो. खिळ्याला तिथे 'क्लावुस' म्हणत. तो बहुधा माझा भाऊ. इटलीत मी 'क्यावे' झालो, फ्रान्समध्ये 'क्ले'. स्पेनमध्ये 'यावे' होऊन मी पाण्याच्या नळालाही नाव दिलं. तुमच्या गळ्याखालच्या आडव्या हाडाचं लॅटिन नावसुद्धा 'छोटी चावी' असंच आहे. चाचपून बघा!

पोर्तुगीज खलाशांबरोबर मी या किनाऱ्यावर उतरलो. पुढे त्यांच्याकडे माझा 'च' मऊ होऊन 'श' झाला. तुमच्याकडे तो तसाच राहिला. घर सोडून गेलेल्याकडेच घरचं जुनं वळण टिकावं, याचं मला अजून नवल वाटतं.

सध्या मी तळवड्यात, हिंदुरावांच्या वर्कशॉपमध्ये रोज ऐकू येतो. लोखंड फिरवून कातणाऱ्या लेथ मशीनवर ते पकडणारा गोल जबडा म्हणजे चक. तो चावीने आवळतात. चावी चकमध्ये विसरून बटण दाबलं, तर ती गोळीसारखी सुटते. म्हणून तिथला नियम आहे: आवळून झालं की चावी हातात.

यंदा खंडेनवमीला हिंदुरावांनी चावी चकमध्येच उभी करून पूजा केली आणि मशीनच्या माथ्यावरून पुढच्या बाजूला झेंडूचा हार सोडला. पूजेचा हार आपोआप वाळू द्यायचा, ही तिथली रीत. हाराआड चावी झाकली गेली.

दसऱ्यानंतर लेथ चालवणारी वर्षाली कामावर आली. मशीन आधी रिकामं फिरवायचं म्हणून तिने बटणाकडे हात नेला. माल तपासायला ब्राझीलहून आलेले सिल्व्हेरा पलीकडच्या बाजूला उभे होते. तिथून त्यांना चकमधली चावी दिसली. त्यांना मराठी येत नव्हती, आणि घाबरून इंग्रजीही सुचेना. ते आपल्या पोर्तुगीजमध्ये ओरडले,

"शावी! शावी!"

वर्षालीचं बोट बटणावरच थांबलं. तिने हार बाजूला केला. चावी चकमध्येच होती.

"आगं, पाव्हण्याला मराठी येती व्हय?" हिंदुरावांनी विचारलं.

"येऊ दे नाहीतर नको, काका. वेळेवर आली ना! अन् देव चकमध्ये कुणी बसवला?"

"मीच की. पुढच्या वर्षी चावी पाटावर."

सिल्व्हेरांनी चावी काढून उंच धरली. "शावी."

"चावी," हिंदुराव म्हणाले.

शेकडो वर्षांनी माझी दोन्ही रूपं एका छपराखाली भेटली होती.

मित्रांनो, शब्दाला कपाटात जपून ठेवू नका. रोज तोंडात असलेला शब्दच घाईच्या क्षणी कानाला ओळखू येतो.

आता बटण दाबण्याआधी वर्षाली मोठ्याने विचारते, "चावी?"

आणि मूठ उघडून स्वतःच सांगते, "हातात."