ताईंच्या टेबलाजवळचा पंखा

मित्रांनो, माझी पाती हिरवी आहेत, जाळीला एका बाजूने पोचा आला आहे आणि वळताना माझी मान कुरकुरते. होय, मी एक जुना टेबल पंखा आहे. जन्म कारखान्यातला, पण आयुष्य गेले पुस्तके बांधणाऱ्या एका छोट्या बाइंडिंगखान्यात.

पहिल्याच दिवशी मी जीव तोडून फिरलो आणि छापील कागद खोलीभर उधळले. गणिताची पाने स्वयंपाकाच्या पुस्तकात जाऊन बसली. मालकांनी कपाळाला हात लावला आणि माझी रवानगी कपाटावर केली. तिथे मी वर्षानुवर्षे धूळ खात बसलो. एक मात्र बरे होते, वरून सगळी खोली दिसायची.

माझी नजर जायची ती शिलाईताईंकडे. छापील कागदाला घड्या घातल्या की त्याचा फर्मा होतो. असे फर्मे ओळीने लावून ताई सुईदोऱ्याने शिवायच्या. हात असा झरझर चालायचा की बघत राहावे! नव्या बायकांना त्यांनीच हाताला धरून शिकवले होते.

पन्नाशीच्या आसपास ताईंचे काहीतरी बिनसले. ऐन थंडीत त्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा, घाम कागदावर टपकायचा. रात्रभर झोप नाही, सकाळी डोळे जड. एकदा फर्मे मागेपुढे शिवले गेले आणि अख्खा गठ्ठा उसवावा लागला. ताईंचे हल्ली लक्षच नसते, असे कागद कापणारे कटिंगवाले काका पुटपुटले. ताईंनी ते ऐकले. दुपारी जेवताना त्यांनी गोंद लावणाऱ्या वहिनींना सांगितले की आपण काम सोडणार. वहिनींचा घास हातातच राहिला. सोडायचे तर खरे कारण सांगून सोडा, एवढेच त्या म्हणाल्या.

ताई मालकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. कुणी दुखावले का, घरी काही अडचण आहे का, मालक विचारत राहिले. शेवटी ताई म्हणाल्या, "दादा, माझी पाळी जायची वेळ आलीय. अंगातून नुसत्या वाफा निघतात, डोळ्याला डोळा लागत नाही. काम विसरले नाहीये मी. पण हे दिवस एकटीनं निभत नाहीत."

सगळ्यांचे हात थांबले. कुठे बघावे ते मालकांना कळेना. त्यांनी अवघडून मान वर केली, आणि वर होतो मी.

"हा पंखा चालतो का अजून?"

चालतो का म्हणजे काय, मित्रांनो! त्यांनी स्वतः मला उतरवले, पुसले, बटण दाबले. मी असा फिरलो की धुळीने सगळ्यांना शिंका आल्या.

काकांनी ताईंचे टेबल खिडकीपाशी सरकवले. मला त्यांच्या पाठीमागे उंच स्टुलावर असे बसवले की वारा ताईंच्या मानेला लागेल, कागदाला नाही. फर्म्यांवर जड फळ्या आल्या. नाजूक काम बरे वाटेल तेव्हा करा, वाटेल तेव्हा उठून मोकळ्या हवेत जा, दवाखान्याच्या दिवसाचा पगार कापणार नाही, असे मालकांनी सांगितले. ताई दवाखान्यात गेल्या, तिथे डॉक्टरबाईंनी सगळे नीट समजावले, औषध दिले. हळूहळू ताईंना झोप लागू लागली आणि हात पुन्हा झरझर चालू लागला.

एके दिवशी काका हळूच म्हणाले, "आमची ही पण रात्री पांघरूण फेकून देते. मी उगाच चिडत होतो तिच्यावर."

"मग आज जाताना पंखा घेऊनच जा," वहिनी म्हणाल्या.

सगळी खोली हसली. सगळ्यात मोठ्याने ताई हसल्या. काकांनी खरोखरच घरी नवा पंखा घेतला. माझ्यापेक्षा देखणा आहे म्हणे. असू दे.

आता दुपारी इतर बायकाही स्टूल ओढून माझ्यापुढे क्षणभर बसतात. जे पूर्वी कुजबुजून सांगायच्या, ते आता मोकळेपणी बोलतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत एखादी आई, मावशी, बाई थंडीत अचानक खिडकी उघडेल. तेव्हा तोंड वाकडे करू नका. स्वेटर घाला, आणि म्हणा, "राहू दे उघडी."