अकरा नंबरचा हात

तीस वर्षं कृत्रिम हात बनवणाऱ्या माणसाने होणाऱ्या जावयाचा हात हातात घेतला, खिडकीच्या उजेडात उलटा केला आणि भरल्या घरात म्हणाला, "अकरा नंबर. वर जरा लाल."

झालं! जावई दवाखान्यात नर्स, काळ्या वंशाचा. त्याने शांतपणे कप खाली ठेवला आणि निघून गेला.

"बाबा, तुम्ही त्याचा रंग मोजलात!" लेक कडाडली.

"अगं, हाताला लागलेली सवय! पेशंट आला की आधी त्वचेचा रंग जुळवतो मी."

"तो पेशंट आहे? लग्नाच्या साइटवर तीन वर्षं मुली त्याला लिहायच्या, माणूस छान आहेस, पण तुमच्यातला नको. आणि घरी आला तर तुम्ही नंबर दिलात. उद्याची लग्नाची नोंदणी पुढे ढकलू, असा आत्ताच मेसेज आलाय त्याचा."

"मी तर बाराच म्हटलं असतं," आत्याने भर घातली.

"ताई, तू तोंड उघडू नकोस!"

देवाघरी सगळे सारखे, हे कीर्तनात डोळे मिटून, मान डोलावून ऐकणारा माणूस हा. देवा, त्याच वेळी जीभ का नाही रे धरलीस? धुसफुसत त्याने रंगाच्या चकत्यांचा डबा काखोटीला मारला आणि दवाखाना गाठला.

जावई औषधांची ट्रॉली आवरत होता. याने डबा उघडला. "हे बघ, चोवीस रंग. यातला तिसरा माझा. मी सगळ्यांचेच हात असे बघतो."

"मागच्या वर्षी तुमच्यातला मुलगा तिला बघायला आला होता ना? त्याचा बघितलात?"

  इतका वेळ हा जावयावर, लेकीवर, बहिणीवर चिडला होता. आता चिडायला एकटा स्वतःच उरला.

"नाही," तो म्हणाला.

"मग काय केलंत?"

"काम कसं चाललंय, विचारलं. आईवडील कसे आहेत, विचारलं."

त्याने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना. जावयाने पुढे होऊन दाबून बसवलं आणि स्टूल सरकवलं.

"वडील नाहीत," तो म्हणाला. "आईचे गुडघे दुखतात. नोंदणीची कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे. उद्या तिला धरून वर आणायला कुणीतरी लागेल."