स्नेहस्वामींची मिठी आणि प्रेशरची गोळी

बोगादीच्या त्या कल्याणमंटपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, मुंगी शिरायलाही जागा नव्हती. दुसऱ्या मजल्यावर स्नेहस्वामी भक्तांना मिठी मारत होते आणि मिठी मारली की म्हणे ब्लडप्रेशर उतरत होतं. आधीचा आकडा, नंतरचा आकडा, दोन्ही माइकवरून जाहीर होत. "गोळी देहात विष पेरते, मिठी प्राण पेरते," स्वामी सांगत आणि भलीभली माणसं डोळे पुसत.

रजनीचा जीव टांगणीला लागला होता. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या बाईच्या आईनं, गोदावरीबाईंनी, आठवडाभर गोळी घेतली नव्हती. वडील असेच गोळ्या सोडून अर्धांगवायूनं गेले होते. आज आईचं डोकं ठणकत होतं, तरी ती रांगेत उभी.

नवल म्हणजे, नवरा गेल्यापासून आईची मडी, म्हणजे सोवळं, इतकं कडक की नात शरण्या चुकून बिलगली तरी ती पुन्हा अंघोळ करायची. आणि इथं परक्या पुरुषाची मिठी चालत होती.

"स्वामींना मडी लागत नाही गं. तू सुम्ने बस," आई म्हणाली.

रजनी गप्प बसली खरी, पण नीट बघत राहिली. लिफ्ट बंद होती, पायऱ्यांवर पाप झडतं म्हणून. धापा टाकत वर आलेल्या म्हाताऱ्यांच्या दंडाला लगेच यंत्राचा पट्टा. मग मिठी, मग थंड खोलीत डोळे मिटून बसणं आणि मगच दुसरं माप.

ती खाली गेली, भराभर पायऱ्या चढून आली आणि दंड पुढे केला. गर्दीत मिठी चुकवून ती थेट थंड खोलीत जाऊन बसली. दुसऱ्या मापानंतर सेवेकरी माइकवर ओरडला, "बघा स्वामींची कृपा, केवढं उतरलं."

"मला अजून मिठी मिळालीच नाही," रजनी माइकजवळ जाऊन म्हणाली. "धाप लागली की प्रेशर चढतं, बसलं की उतरतं. आजार तिथंच राहतो. गोळ्या सोडू नका."

काही हसले. बरेचसे चिडले. दोघांनी तिला जिन्यापर्यंत ढकललं. आई मागून आली.

रजनीनं रिक्षा दवाखान्याकडे घ्यायला सांगितली. आई म्हणाली, "आकडा खोटा असेल, आयतु, मानलं. पण तुझे बाबा गेल्यापासून मला जवळ कोण घेतंय?"

रजनीला रडू आलं. सोवळ्याचा मान राखत आपण आईला एकटं पाडलं, हे तिला आता कळत होतं. तिनं आईला घट्ट मिठी मारली. आई आधी आखडली, मग तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. दवाखान्यात मोजलं, तेव्हा तिचं प्रेशर भलतंच वर होतं. डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं.

मायेच्या स्पर्शानं जीव शांत होतो, हे डॉक्टरही सांगतात. म्हणून आपल्या माणसांना जवळ घ्या आणि त्यांची गोळीही चुकू देऊ नका. घरात ही माया मिळाली नाही, तर ती माणसं अशा मांडवात ती शोधायला जातील आणि तिथं कुणीतरी त्यांच्या हातातली गोळी काढून घेईल.