दुग्धपेढीच्या दारावरची खूण

मित्रांनो, मला हात, पाय, तोंड काहीच नाही. मी एक जुना प्रोग्राम आहे आणि दुग्धपेढीच्या कॉम्प्युटरवर राहतो. ज्या आयांना जास्त दूध येते त्या ते पेढीला देतात आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांपर्यंत ते पोहोचते. मला लिहिले ते पेढीत सगळे ज्यांना वहिनी म्हणतात त्यांनी, डीप फ्रीजरशेजारच्या टेबलावर, अंगात स्वेटर घालून.

माझे काम एकच. पेढीची वेबसाइट खरोखर पेढीचीच आहे, हे दूरच्या एका प्रमाणपत्र कार्यालयाला पटवायचे. ते कार्यालय ना चेहरा विचारते, ना वशिला. मी अर्ज केला की ते एक नवीकोरी खूण देते आणि म्हणते, ही तुमच्या दारावर लावून दाखवा. मी ती वेबसाइटवर टांगतो. मग त्यांचे तपासनीस पृथ्वीच्या वेगवेगळ्या टोकांहून येऊन ती पाहतात आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच प्रमाणपत्र हजर. एवढ्या मोठ्या जगाने एवढ्याशा दाराकडे निरखून पाहावे, याचे मला आजही नवल वाटते. पहिल्यांदा जमले तेव्हा वहिनीसुद्धा खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या.

प्रमाणपत्राची मुदत थोडी असते, म्हणून मी पुन्हा पुन्हा जायचो. पण बिनबोभाट काम करणाऱ्याकडे कोण बघतो? हळूहळू सगळे मला विसरले, वहिनीही.

पुढे वहिनींचे धाकटे दीर पेढीची कॉम्प्युटर-सुरक्षा पाहू लागले. भाऊजी मोठे सावध. कुठल्याशा वेबसाइटवर चोरी झाल्याचे ऐकून त्यांनी परदेशातून येणाऱ्या सगळ्यांनाच दार बंद केले. त्यानंतर मी खूण लावली, तपासनीस आले आणि हात हलवत परत गेले. मी अर्जावर अर्ज केले. वहिनींना इशारेही पाठवले, पण ते त्यांच्या न उघडलेल्या मेलच्या ढिगात पडून राहिले.

एका सकाळी मुदत संपली आणि प्रमाणपत्राविना आमची वेबसाइट कोणत्याच कॉम्प्युटरला खरी वाटेना. इस्पितळातल्या सिस्टरला वेबसाइटऐवजी धोक्याची सूचना दिसली. तिच्याकडे ओंजळीत मावेल एवढे बाळ होते आणि त्याच्या आईला दूध येत नव्हते. कोणत्या बाटल्यांची तपासणी झाली आहे, ते पेढीतही त्याच वेबसाइटवर दिसायचे. ते पाहिल्याशिवाय पेढीचे डॉक्टर बाटली सोडेनात. सिस्टरचे फोनवर फोन येऊ लागले.

वहिनी धावत आल्या. काय बदलले, असे त्यांनी भाऊजींना विचारले.

"काही नाही वहिनी, फक्त बाहेरच्यांना दार बंद केलं. चोर नकोत म्हणून."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "अहो भाऊजी, आपली ओळख पटवून घ्यायला येतात तेही बाहेरचेच की."

भाऊजींचा चेहरा उतरला. खूण दिसेल एवढीच वाट त्यांनी उघडली. मी नवी खूण टांगली. तपासनीस कुठकुठल्या देशांतून येऊन गेले, ते भाऊजी पडद्यावर बघत राहिले. "एवढ्या लांबून?" ते हळूच म्हणाले. वेबसाइट उघडली, बाटली निघाली. दुपारी सिस्टरचा फोन आला, बाळाच्या पोटात दूध गेले होते.

मित्रांनो, माझ्यासारखे न दिसणारे कामकरी तुमच्याकडेही असतील. अधूनमधून त्यांची विचारपूस करा. कुलपे जरूर लावा, पण कोणासाठी दार उघडे ठेवायचे तेही ध्यानात असू द्या. त्या बाळाला यातले काही ठाऊक नाही. त्याच्या घोटभर दुधासाठी त्या दिवशी सारे जग आमच्या दाराशी येऊन गेले.